चिनी मिस्त्रीचं तिसरं वाडगं

बायको जाऊन वर्ष होत आलं तरी तिचा फोटो मी भिंतीला लावला नव्हता. पोरानं तो मोठा करून, चौकट घालून, वर चंदनाचा हार चढवून आणून दिला. मी तो कपाटात साड्यांच्या मागं उभा करून ठेवला. फोटो भिंतीला लावला की माणूस गेलं हे आपण आपल्या हातानं कबूल केलं असं होतं. मला ते कबूल नव्हतं. हट्ट म्हणून नाही. ती घरातच होती म्हणून.

हे वाचून कुणाला वाटेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. माझ्या पोरालाही तेच वाटलं आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं. म्हणून जसं घडलं तसं सांगतो. शाळा माझी चौथीपर्यंत. सजवून सांगता येत नाही.

आम्ही मूळचे लातूरकडचे. भोसरीच्या एका वर्कशॉपात माझा जन्म गेला. काम काय, तर मशीनवरून आलेला माल मोजायचा, तेलकट कागदात गुंडाळायचा आणि खोक्यात भरायचा. बुश असो, पिन असो, वॉशर असो, सगळ्याला आम्ही नग म्हणायचो. पुढं पुढं माणसांनाही नगच म्हणायला लागलो. ठेकेदार सकाळी गेटवर येऊन विचारायचा, आज बिहारचे किती नग आलेत, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. कानडी, हिंदी, तेलुगू, मराठी सगळं तिथं एकाच घाण्यातून निघायचं. माझी स्वतःची बोली कुठली हे आता मलाही सांगता यायचं नाही. बायको मात्र शेवटपर्यंत गावाकडचंच बोलली. माझ्या तोंडून माणसाला नग असं निघालं की ती चिडायची. म्हणायची, ‘माणसं दोघं असत्यात, तिघं असत्यात. नग वांग्याला म्हणा.’

मोशीत शेतं होती तेव्हा स्वस्तात तुकडा घेतला. खाली आमच्या दोन खोल्या, पुढं ओटा, वर भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या आणि त्यांना बाहेरून लोखंडी जिना. आता चहूकडं टॉवर झालेत. सकाळचं ऊनसुद्धा आमच्याकडं त्यांच्या मधल्या फटीतून येतं.

ती थंडीत गेली. छातीत कळ आली आणि रिक्षा दारात येईपर्यंत संपलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

पहिले काही महिने घर गप्प होतं. मग उन्हाळा लागला आणि दुपारचा आवाज यायला लागला.

स्वयंपाकघरात आमची पत्र्याची कोठी आहे, तिच्यात ज्वारी. ती असताना दुपारची जेवणं उरकली की कोठी उघडायची आणि दुसऱ्या दिवसाच्या दळणाची ज्वारी मापट्यानं मोजून डब्यात काढायची. मापटं पितळेचं, बुडाशी चेपलेलं. ते ज्वारीत खुपसलं की खस्स होतं. वरून तळहात फिरवून सारखं केलं की जादाचे दाणे कोठीच्या काठावर सांडतात, त्याचा वेगळा आवाज. मग डब्यात ओतल्याचा आवाज, आधी पत्र्यावर वाजणारा, नंतर दाण्यावर दाणा पडून मऊ झालेला. माझा सगळा जन्म मोजण्यात गेला. मोजण्याचा आवाज मला कुणी शिकवायला नको.

मी ओट्यावर बसलो होतो आणि मागून तोच आवाज आला. खस्स. मग हात फिरवल्याचा. मग ओतल्याचा. पुन्हा खस्स.

आत गेलो. कोणी नव्हतं. कोठीचं झाकण लावलेलं, त्यावर मापटं पालथं, जसं ती ठेवायची तसं. बाहेर येऊन बसलो, तर थोड्या वेळानं पुन्हा सुरू. आत गेलं की थांबायचं, बाहेर बसलं की चालायचं. शेवटी मी दुपारी आत जाणं सोडलं. कुणी काम करत असताना मधे मधे कशाला कडमडायचं?

चहा मी दोघांचा करत होतो. ते शेजारणीनं पाहिलं आणि पोराला फोन करून सांगितलं. पोरगा मारुंजीला राहतो, कॉम्प्युटरचं काम करतो. स्वभावानं चांगला आहे, हे आधीच सांगतो. तो आला, माझ्याशेजारी ओट्यावर बसला आणि मी आवाजाचं सांगितल्यावर म्हणाला की ज्वारीत सोंडे झाले असतील, ते किडे आतून कुरकुरतात, कोठी रिकामी करून टाकू. मी म्हणालो, कोठीला कुणी हात लावायचा नाही. मग तो मला डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं आज वार कोणता विचारलं, आणि शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी थेट खालपर्यंत उतरलो, त्यानं थांबा म्हणेपर्यंत. डॉक्टर म्हणाला डोकं ठीक आहे, एकटेपणा आहे.

झालं. पोरानं ठरवूनच टाकलं. वर्षश्राद्ध झालं की ह्या घराला कुलूप लावायचं आणि मी मारुंजीला त्यांच्याकडं राहायचं. अकराव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, खाली बाग आहे, म्हाताऱ्यांचा कट्टा आहे. तो माझ्या भल्याचंच बोलत होता. पण माझ्या डोळ्यांपुढं एकच येत होतं. बाहेरून कुलूप, खिडक्या बंद, आणि आत दुपारी ती एकटी ज्वारी मोजतेय. कुणासाठी मोजतेय हे तिलाही कळत नाही.

त्याच सुमारास वरच्या खोलीत चिनी मिस्त्री आला.

चाकणच्या एका कारखान्यात चीनवरून मोठा प्रेस आला होता. तो बसवायला तिथली माणसं आली होती आणि ती कंपनीच्या फ्लॅटवर एकत्र राहायची. हा एकटा त्यांच्यात मुसलमान. तो डुक्कर खात नसे आणि त्यांच्या एकाच चुलीवर ते शिजायचं. म्हणून कंपनीनं त्याच्यासाठी माझी वरची जागा घेतली. पोलिसांत द्यायचे ते कागद कंपनीनंच दिले. पन्नाशीचा असेल. रुंद चेहरा, उन्हावाऱ्यानं फाटलेले गाल, हात माझ्यासारखे, नखांत काळं ग्रीस बसलेलं. त्याला कायम रात्रपाळी. सकाळी येऊन झोपायचा, दुपारी उठायचा, दिवेलागणीनंतर कंपनीची गाडी त्याला न्यायला यायची.

त्याच्याबरोबर दुभाषी म्हणून एक पोरगी होती. नगरकडची, पुण्यात चिनी शिकलेली. रविवारी ती त्याच्या सह्या घ्यायला आणि काही हवं-नको विचारायला यायची, मग ओट्यावर आमच्यात बसायची. मला काका म्हणायची. एकदा तिनं वैतागून सांगितलं की काका, मला ह्यांचं निम्मंच कळतं. फोनचं तर त्याहून वाईट. बोललं की मराठीत करून देणारं फोनमध्ये असतं ना, ते ह्या मिस्त्रीपुढं हात टेकायचं. त्यानं साधं पाणी मागितलं तरी फोन भलत्याच मेंढ्यांचं काहीतरी सांगायचा.

पोरगी म्हणाली त्याचं गाव तिबेटच्या अंगाला डोंगरात आहे. तिथं तिबेटी, मंगोल, मुसलमान, चिनी सगळे शेजारी शेजारी. बाजार एक, एकमेकांत सोयरिकी. बोली चिनीच, पण पिढ्यान् पिढ्या ह्या सगळ्यांच्या तोंडातून जाऊन तिचा ढंग बदललाय. शहरी चिनीत म्हणे नुसतं तीन म्हणून भागत नाही. आकडा आणि वस्तू यांच्या मधे मोजण्याचा एक शब्द लागतो. लांबट वस्तूला एक शब्द, पसरटला दुसरा, जनावराला तिसरा, मानाच्या पाहुण्याला आणखी वेगळा. ह्याच्या गावाकडं ते सगळे झिजून एकच उरलाय. ‘ग’ म्हणतात. माणूस, मेंढी, भाकरी, प्रेस, सगळं ग.

“म्हणजे त्याची भोसरीच की,” मी म्हणालो.

ती लई हसली. त्यालाही तिनं ते सांगितलं, नगाचं आणि ठेकेदाराचं समजावून सांगितलं, तेव्हा त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

मग तिनं आणखी एक सांगितलं. दोन नगाला ते ‘ल्यांगग’ म्हणतात. पण त्याच्या बोलीत हे ल्यांगग कशाच्याही शेपटीला लागतं आणि तिथं त्याचा अर्थ होतो, त्याच्यासोबत, त्याच्या जोडीनं. बायको ल्यांगग बाजारात गेलो. इथवर ठीक. पण हातोडी ल्यांगग ठोकलं, चाकू ल्यांगग कापलं, असंही म्हणतात. हातोडीनं ठोकलं असं नाही, हातोडी आणि मी, दोघांनी मिळून ठोकलं. कारखान्यातले बाकीचे चिनी त्याला ह्यावरून छळायचे. जेवायच्या सुट्टीत विचारायचे, आज चमचा येणार आहे का तुझ्यासंगं जेवायला? पोरगी हे सांगताना पुन्हा हसली. मला हसू आलं नाही. जन्मभर एका हातोडीशी काम केलेला माणूस दुसरं काय म्हणेल?

तो आमच्याकडचंही शिकत होता. कारखान्यातल्या पोरांनी त्याला एक-दोन-तीन शिकवलं होतं, ते तो जिना उतरताना पायरीगणिक म्हणायचा.

एका संध्याकाळी, कामावर जायच्या आधी, तो तीन वाडगी घेऊन खाली आला. हातानं ओढून केलेल्या लांब शेवया, बटाटा, लाल तिखट, आंबटसर पाणी. आमच्या घरात मटण-मासळी चालत नाही हे पोरीनं त्याला सांगितलं होतं, तेव्हा त्यातलं काही नव्हतं. एक वाडगं माझ्यापुढं, एक त्याच्यापुढं. तिसऱ्यावर त्यानं ताटली झाकली, उठला, स्वयंपाकघराच्या दारापाशी गेला, तोंड भिंतीकडं फिरवलं आणि नुसता हात लांब करून वाडगं उंबऱ्याच्या आत सरकवलं. मग तसाच मागं सरकत येऊन बसला. माझ्याकडं बोट, आतल्या दाराकडं बोट, आणि काहीतरी बोलला. त्यातलं ल्यांगग तेवढं मला कळलं.

मला वाटलं सकाळसाठी ठेवलंय. मी सकाळी ते खाल्लं, वाडगं धुऊन जिन्यावर ठेवलं.

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा तरी तो असं आणायचा आणि दरवेळी तिसरं वाडगं तसंच आत सरकवायचा. भिंतीकडं तोंड करून. मला ती त्यांच्याकडची काही पद्धत वाटली. मग एकदा वरची टाकी रिकामी झाली. तो कळशी घेऊन खाली आला. पालिकेचा नळ स्वयंपाकघरात, दार उघडं, मी खुणेनं म्हणालो जा, भर. तो जाईना. कळशी माझ्या हातात दिली आणि ओट्याच्या पायरीवर, घराकडं पाठ करून उभा राहिला. मी पाणी भरायला लागलो आणि कळशी निम्मी भरली असेल, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. हा माणूस परक्याच्या घरातल्या बाईसमोर जायचं टाळतोय.

पाणी कळशीवरून वाहून गेलं तरी मला नळ बंद करायचं सुचलं नाही.

कारण त्याला मी बायकोचं काही सांगितलं नव्हतं. पोरीलाही नव्हतं. ती तर त्याच्याबरोबर आलेली, तिला आमचं काही ठाऊक नव्हतं. फोटो कपाटात, साड्या कपाटात, चपला पोरानं तेराव्यालाच नेलेल्या. शेजारणीची आणि ह्याची भाषा कधी जुळणं शक्य नव्हतं. मग ह्याला आत बाई आहे हे सांगितलं कुणी?

आठ-दहा दिवस तसेच जाऊ दिले. त्यात एक गोष्ट अशी झाली की एका सकाळी मला ताप होता, मी वाडग्याला हात लावला नाही. दुपारी पाहिलं तर ते रिकामं. मांजर असेल. आमच्याकडं मांजर येतं. पण ताटली मात्र पुन्हा नीट झाकलेली होती.

तेव्हा मी पोराला फोन केला. म्हणालो रविवारी ये, साक्षीदार मिळालाय.

पोरगा रविवारी जेवण करून आला. दुभाषी पोरगी आली होतीच. मिस्त्री झोपून उठला होता, त्याला खाली बोलावलं. आम्ही चौघं बाहेरच्या खोलीत बसलो. स्वयंपाकघराचं दार पोराच्या पाठीमागं होतं. मारुंजीला जायचं का इथं राहायचं ते आता ह्या परक्या माणसाच्या तोंडावर होतं, आणि त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं.

पोरानं सरळ विचारलं, म्हणजे पोरीला विचारायला लावलं, की ह्या घरात माणसं किती आहेत.

मिस्त्रीनं तीन बोटं वर केली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग माझ्याकडं बोट दाखवलं. तिसऱ्यासाठी त्यानं बोट दाखवलं नाही. नुसती मान खाली घालून हनुवटी दाराकडं केली.

पोरगी म्हणाली, “म्हणतायत, आतल्या बाई.”

पोरगा हसला. पण ते हसणं मधेच राहिलं. त्यानं विचारलं, पाहिलंय का ह्यांनी त्यांना? मिस्त्री एकदम गंभीर झाला. पोरीनं सांगितलं की त्यांना प्रश्न आवडलेला नाही. त्यांच्याकडं पाहुणा घरातल्या बाईकडं बघत नाही, तिची चौकशीही करत नाही. तिच्या वाट्याचं दाराशी ठेवायचं आणि मागं फिरायचं. त्या कधी बाहेर येत नाहीत, म्हणजे ह्या घरातही तीच रीत असणार असं त्यांनी धरलं.

“मग आहेत हे कशावरून?” पोरगा म्हणाला.

मिस्त्रीनं वर बोट केलं, स्वयंपाकघराच्या बरोबर वरच्या आपल्या खोलीकडं, मग कानाला लावलं. दुपारी त्यांचं काम चालतं. मी उठतो तेव्हा रोज ऐकू येतं. धान्य मोजतात.

माझ्या पोराचा चेहरा मी लहानपणापासून बघतोय. त्याला राग आला की कान तांबडे होतात. ते झाले. तो पोरीला म्हणाला, “मॅडम, त्यांना सांगा, माझी आई वारली. वर्ष होईल आता.”

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिनं सांगितलं, हळू आवाजात. मिस्त्रीनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं धरली, तिच्यात बघत काहीतरी पुटपुटला आणि हात तोंडावरून फिरवले. मला वाटलं तो आता उठून वर जाईल, उद्या दुसरी खोली मागेल. तो उठला नाही. मग पोरीला काही विचारायला लागला. तिला ते नीट कळेना, दोनदा विचारून घेतलं.

“काका, ते म्हणतायत मी तुमचं मोजणं शिकलोय. एक, दोन, तीन. पण आतल्या बाई मोजतात त्या एकापासून सुरू करत नाहीत. पहिल्या मापाला दुसरंच काहीतरी म्हणतात. पुढचं सगळं बरोबर म्हणतात. त्यांना कळत नाही, असं का?”

“दुसरं काय म्हणतात?” हे माझ्या पोरानं विचारलं.

मिस्त्रीनं ओठ जुळवून बघितले, आणि म्हणाला, “लाभ.”

आता इथल्या टॉवरमधल्या लोकांना हे माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडं खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. एक म्हणजे एकटं, एक म्हणजे संपलं. पहिलं माप टाकताना लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. खळं सुटलं, गाव सुटलं, किराणा पिशवीतून यायला लागला, तरी माझ्या बायकोनं ते सोडलं नाही. दळणाची दोन मापटी ज्वारी काढायची असली तरी पहिलं लाभच, तेही ओट्यावर मला ऐकू येणार नाही असं पुटपुटत. हा पोरगा लहान असताना कोठीपाशी बसून मोठ्यानं एक म्हणाला होता, तेव्हा तिनं त्याला चापट मारली होती. मारकुटी नव्हती ती. त्याला ती एकच चापट बसली असेल तिच्या हातची. भोसरीत मी कधी कुणाला लाभ म्हणताना ऐकलं नाही, मीसुद्धा तिथं म्हटलं नाही. कारखान्यातल्या पोरांकडून मिस्त्रीला ते मिळणं शक्य नव्हतं.

बाहेर रस्त्यावर बस गेली, भांडी थरथरली, थांबली.

मग पोरगा माझ्याकडं वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा घाबरलेला.

“बाबा, ते तुम्हीच आहात. तुम्ही मोजताय. तुम्हाला ते कळत नाहीये.”

हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. दुपारी मी ओट्यावर बसतो. भिंतीला टेकतो. डुलकी लागते. डुलकीत माणूस कुठं जातो ते त्याला कुठं माहीत असतं? मी माझ्या हातांकडं बघितलं. म्हातारे हात. तळहाताला बारीक धूळ होती, ती ओट्याची असेल, ज्वारीची असेल. मी ते लुंगीला पुसले.

“असेलही,” मी म्हणालो.

पोरगी हुशार. ती मिस्त्रीकडं वळली आणि तिनं तोंड उघडलं. ती काय विचारणार ते मला कळलं. आवाज बाईचा होता का बाप्याचा. वरच्या माणसाला तेवढं तर नक्की कळलं असणार.

“विचारू नको, पोरी,” मी म्हणालो.

“पण काका, एका शब्दात निकाल लागेल.”

“म्हणूनच म्हणतो. विचारू नको.”

ती थांबली. पोरानंही तिला विचार म्हटलं नाही. मला वाटलं होतं तो म्हणेल. मिस्त्री आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होता. त्याच्या मनानं त्यानं उत्तर कधीच दिलं होतं.

दुपार तशीच चालली होती. आवाजाची वेळ ती. आम्ही काही ठरवलं नाही, पण चौघंही गप्प बसून राहिलो आणि कुणाचंच लक्ष दुसरीकडं नव्हतं. फ्रिज चालू झाला, बंद झाला. टॉवरवरून कुणीतरी गादी झटकत होतं. आतून काही आलं नाही. मला वाटलं, बरोबर आहे. बाहेर एवढी माणसं बसल्यावर ती कशाला मोजायला बसेल? पाहुणे गेल्याशिवाय ती कोठी उघडायचीच नाही, किती धान्य आहे ते लोकांना दिसतं म्हणून.

मिस्त्री वर गेला. पोरगी सह्या घेऊन निघाली. जाताना तिनं माझ्या पायाला हात लावला, एरवी कधी लावत नव्हती.

पोरगा उरला. म्हणाला, बाबा, पाणी द्या. मी म्हणालो, आत माठ आहे, घे की. तुझंच घर आहे. तो उठला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. तिथून कोठी दिसते. कोठीवर मापटं होतं. मी बसल्या जागेवरून त्याची पाठ बघत होतो. सोंडे आहेत का नाहीत ते बघायला झाकण उघडायला किती वेळ लागतो? त्यानं उंबरा ओलांडला नाही. परत आला आणि बाहेर ओट्याखालच्या नळाला ओंजळ लावून पाणी प्यायला. टाकीचं पाणी, गरम. घटाघटा प्यायला.

मग गाडीची किल्ली घेतली. ओट्यावर एका पायावर उभा राहून बूट घालायला लागला. शाळेत असल्यापासून त्याची सवय होती, बूट घालताना मान न वळवता आत हाळी द्यायची. माझ्याशी तो मारुंजीचं बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. श्राद्धाचं, कुलपाचं. तो दुसऱ्या बुटाची लेस बांधत होता आणि खाली मान घालूनच म्हणाला,

“येतो गं आई.”

म्हटलं आणि स्वतःच थांबला. लेस हातात तशीच. आतून हो बाळा येणार नव्हतं, ते आलं नाही. पण तो थांबला होता, हे मी पाहिलं. उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबला होता.

गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाला की श्राद्ध इथंच करू. आणि दर रविवारी डबा पाठवीन, चहावर राहू नका. कुलपाचं त्यानं काढलं नाही, पुढंही कधी काढलं नाही.

त्या संध्याकाळी मिस्त्री येणार नाही असं मी धरलं होतं. तो आला. तीन वाडगी घेऊन. सगळं माहीत झाल्यावरही त्यानं तिसऱ्यावर ताटली झाकली, भिंतीकडं तोंड केलं आणि हात लांब करून वाडगं आत सरकवलं. उलट त्या दिवशी ते नेहमीपेक्षा सावकाश, पाणी हिंदकळू नये असं सरकवलं. मग माझ्यापुढं बसून त्यानं मांडी घातली. मी त्याला खुणेनं विचारलं, अजून? तो म्हणाला, ‘ल्यांगग’, आणि जेवायला लागला.

प्रेस बसला तसा तो निघून गेला. श्राद्ध झालं. पोरानं फोटो कपाटातून काढला नाही, मला कुठं आहे ते विचारलंही नाही. भटजीनं विचारलं, तर माझ्याआधी पोरानंच सांगितलं, फोटो नाहीये.

दुपारचा आवाज चालू आहे. मी ओट्यावर बसतो. हल्ली डुलकी येऊ नये म्हणून तंबाखू धरतो, पण म्हाताऱ्या माणसाच्या डुलकीला तंबाखू काय करणार? आता वरच्या खोलीत ओडिशाची पोरं आलीत, चाकणला जातात. पाणी गेलं की खाली येतात. त्यांना मी एवढंच सांगून ठेवलंय की दुपारचं आत जायचं असलं तर दारात जरा खाकरून जा. त्यातल्या एकानं विचारलं, आत कोण असतं? मी म्हणालो, मालकीण. तेव्हापासून ती पोरं आत जाताना खाकरतात, चप्पल काढतात, आणि बाहेर येईपर्यंत आपसात बोलत नाहीत.